मोरचुदात बुडवलेले कापड

आपण लिहिता की, नाशिकजवळच्या आपल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या पेटीत कॅनव्हासचा एक तंबू सापडला. दोन्ही टोकांना फुलीसारखे उभे राहणारे दोन-दोन लाकडी खांब, भिंतींना खालून शिवूनच टाकलेले जमिनीचे कापड, एकूण कापडाला हिरवट छटा, आणि दाराजवळच्या कोपऱ्यावर ‘बेंजामिन एजिंग्टन, ड्यूक स्ट्रीट, लंडन ब्रिज’ असा पुसट शिक्का. आजोबांनी तो देवळालीच्या छावणीतल्या एका लिलावात घेतला, एवढेच घरात ठाऊक आहे. हे एजिंग्टन कोण, त्यांच्या पेढीचे पुढे काय झाले आणि हा तंबू पुन्हा उभा करण्याजोगा आहे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचे उत्तर बरेचसे पहिल्या दोनांत दडलेले आहे, म्हणून क्रमानेच सांगतो.

मी गेली ३८ वर्षे कॅनव्हास कापतो आणि शिवतो. आमचे आजोबा रत्नागिरीच्या बंदरात मचव्यांची शिडे शिवत. बोटींवर इंजिने बसू लागली तसे ते काम आटले, आणि वडिलांनी ट्रकच्या ताडपत्र्या व पुढे तंबू शिवायला घेतले. शिडावरून तंबूवर येण्याची ही वाट आमच्याच घराने शोधली असे मला लहानपणी वाटे. इंग्लंड-स्कॉटलंडमधली काही घराणी त्याच वाटेने शंभर वर्षे आधी चालून गेली होती, हे कळल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि त्यांच्या हातचे जे थोडे काम दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले ते उसवताना टाक्याटाक्याला थांबून पाहू लागलो.

एजिंग्टनांची पेढी १८०५ पासूनची. ट्रफाल्गरची आरमारी लढाई त्याच वर्षीची, म्हणजे शिडाच्या जहाजांचा तो ऐन काळ होता, आणि लंडन ब्रिजच्या दक्षिण टोकाला लागून असलेला साउथवर्क हा भाग जहाजांना लागणारे दोर, डांबर आणि कापड यांच्या व्यापाराच्या अगदी शेजारी होता. अशा जागी तंबूवाल्याचे दुकान निघणे स्वाभाविक होते, कारण कापड तेच, दोर तोच, दाभण तेच आणि तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून टाका ओढण्याची रीतही तीच. गिऱ्हाईक मात्र वेगवेगळे. शेतकऱ्याला गवताच्या गंजीवर टाकायला मोठे कापड हवे असे, जत्रा आणि मेजवान्यांना मांडव लागत, आणि हिंदुस्थानात किंवा आफ्रिकेत निघालेला अधिकारी आपले सामान घेताना तंबूही घेऊन निघे. आपल्याकडे पेशवाईत तंबू, डेरे, कनाती आणि बिछायती यांची व्यवस्था अठरा कारखान्यांपैकी फरासखान्याकडे असे. पुण्यातल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावात ती अजून शिल्लक आहे. दरबार मोडला की असा कारखानाही मोडतो. लंडनच्या दुकानदाराला एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे होते, आणि माझ्या मते ही पेढी दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली याचे पहिले कारण हेच आहे.

शिक्क्यावरचे पूर्ण नाव आपण कळवलेत हे फार चांगले केलेत, कारण एजिंग्टन आडनावाचे तंबूवाले लंडनमध्ये एकाहून अधिक होते. ओल्ड केंट रोडवर जॉन एजिंग्टन यांचे दुकान होते आणि नुसते आडनाव पाहून लोक दोघांत गल्लत करीत. आपला तंबू बेंजामिन यांच्याकडचाच. काळ ठरवण्यासाठी पत्त्याच्या शेवटी काय आहे ते भिंग लावून पाहावे. लंडनचे टपाल विभाग आधी ‘एस. ई.’ अशा नुसत्या अक्षरांनी ओळखले जात. त्यांना आकडे जोडले गेले ते पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये. शिक्क्यात ‘एस. ई. १’ असेल तर तंबू त्यानंतरचा आहे, नुसतेच ‘एस. ई.’ असेल तर त्याआधीचा असण्याचा संभव बराच आहे, मात्र जुने शिक्के काही वर्षे तसेच वापरात राहत हेही लक्षात ठेवावे. त्याच जागी बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आहे का तेही पाहा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. ती नसेल तर हा तंबू सरकारी साठ्यातला नसून एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःसाठी घेतलेला असावा, आणि त्याची रचना पाहता मला तसेच वाटते.

कारण आपण वर्णन केलेली रचना व्हिम्पर नमुन्याची आहे. एडवर्ड व्हिम्पर हा लंडनचा लाकडी ठसे कोरणारा कारागीर. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या माथ्यावर (हे आल्प्समधले शिखर) पहिल्यांदा पोचलेल्या सात जणांचा तो म्होरक्या, आणि उतरताना दोर तुटून त्यांतले चौघे दरीत गेले. त्या चढाईच्या आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत, १८६१-६२ च्या सुमारास, त्याने हा तंबू स्वतः बेतला. तळ सुमारे सहा फूट लांब, तेवढाच रुंद. ॲश लाकडाचे चार खांब. छताला न धुतलेले सुती कापड, म्हणजे ज्याला आपण मांजरपाट म्हणतो त्याच जातीचे. आणि खाली रबराचा थर दिलेले मॅकिंटॉश कापड. चार माणसे त्यात झोपत. वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास, आणि खर्च चार गिनी, असे त्याने स्वतः नोंदवले आहे.

यात दोन गोष्टी विलक्षण आहेत, आणि रोज तंबू शिवणाऱ्यालाच त्यांची खरी किंमत कळते. जमिनीचे कापड भिंतींना शिवलेले असल्यामुळे वारा खालून शिरत नाही, आणि आत झोपलेल्या माणसांचे वजनच तंबूला जमिनीला धरून ठेवते. उघड्या कड्यावर, जिथे मेख ठोकायला माती नाही, तिथे हे फार मोलाचे. दुसरी गोष्ट म्हणजे लाकडी आढेच नाही. दोन फुल्यांच्या बेचक्यांतून एक दोर जातो आणि पुढे-मागे खडकाला बांधला जातो. तो दोरच आढे. त्यामुळे एक लांब लाकूड वाचते, आणि आत मधोमध खांबही येत नाही.

पण नकाशा देणारा गिर्यारोहक आणि तो कापडात उतरवणारा कारागीर यांच्यात बरेच अंतर असते. कापड तिरप्या धाग्यावर ताणले की लांबते, आणि या तंबूच्या चारही कोपऱ्यांत ताण नेमका तिरपा पडतो. खांब जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे कापड घासून दोन-तीन हंगामांत भोक पडते. शिवणी उताराच्या दिशेने धावल्या नाहीत तर त्यांच्या कडेला पाणी साचते. आपल्या तंबूच्या आत कंदील घेऊन जा आणि फुलीच्या जागी पाहा: तिथे चामड्याचा किंवा दुहेरी कॅनव्हासचा तुकडा लावलेला दिसेल, आणि त्याचे टाके यंत्राचे आहेत की हाताचे हे त्यांच्या किंचित तिरपेपणावरून ओळखू येईल. एजिंग्टनांनी व्हिम्परचा नमुना पुढे अनेक वर्षे विकला, त्याबरोबर गिर्यारोहक ममरी याचा चार पौंडांच्या आतला चिमुकला तंबूही विकला, ज्याला खांबांऐवजी बर्फातल्या कुऱ्हाडीच लावत. १९२० च्या दशकातल्या एव्हरेस्ट मोहिमांबरोबर व्हिम्पर नमुन्याचे तंबू तिबेटच्या पठारावरून वर गेले.

आता त्या हिरवट रंगाकडे येतो. आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच.

कॅनव्हास हा शब्दच मुळात भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे, कारण जुने जाड कापड त्या झाडाच्या वाखाचे असे. जहाजांवर नंतर जवसाच्या झाडाचे, म्हणजे लिननचे कापड आले. १८५१ मध्ये ‘अमेरिका’ नावाची अमेरिकन शर्यतीची नौका इंग्लंडच्या नौकांना मागे टाकून गेली तेव्हा तिची शिडे यंत्रावर घट्ट विणलेल्या सुताची होती, आणि त्यानंतर सुती कॅनव्हासला इंग्लंडमध्ये मान मिळू लागला. आपल्याकडे सुती कापडाची शिडे त्याच्या फार आधीपासून होती. मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडाला इंग्रज ‘डंगरी’ म्हणत, आणि शिडांपासून तंबूंपर्यंत ते वापरत. सुती कापड हलके, मऊ, घट्ट विणता येणारे. पण त्याचा शत्रू एकच आणि तो पक्का: बुरशी. ओल आणि ऊब मिळाली की तंतू खायला तिला फार दिवस लागत नाहीत, आणि आधी काळे ठिपके, मग कुबट वास, आणि शेवटी हातात घेतल्यावर पापडासारखे तुटणारे कापड, असा तो क्रम असतो. एक पावसाळा ओल्या घडीत काढलेला तंबू मी कित्येकदा पाहिला आहे. त्यावर उपाय नाही.

म्हणून तंबूवाल्या घराण्याची खरी पुंजी त्याच्या हौदांत असे. कापड कशात बुडवायचे, किती वेळ, आणि मग कशाने पक्के करायचे हे घरातले ज्ञान. जुनी शिडे आणि जाळी कातात बुडवून तांबूस करत, आणि तो कात आपल्या खैराचाच समुद्रापार जाई. तुरटी आणि शिशाची साखर पाण्यात एकत्र करून कापड भिजवण्याचीही रीत होती. त्यातून तंतूंवर ॲल्युमिनियमचा न विरघळणारा लेप बसतो आणि पाणी कापडावर थेंब होऊन राहते. एजिंग्टनांनी १८८७ साली आफ्रिकेत निघालेल्या हेन्री स्टॅन्लीसाठी जे तंबू दिले ते मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या खड्यांच्या, द्रावणात बुडवलेले होते. १८८९ च्या अखेरीस स्टॅन्ली पूर्व किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याचा तंबू तीन वर्षांचा आणि सुमारे तीनशे दिवसांच्या पावसाचा मार खाऊनही धड होता, आणि आफ्रिकेतल्या आपल्या सगळ्या प्रवासांत असे प्रथमच घडले, असे त्याने लिहून ठेवले. त्या मोहिमेत सामान वाहणारे आफ्रिकी हमाल शेकड्यांनी मेले, हेही त्याच इतिहासात आहे. तंबूची तारीफ वाचताना मला ते विसरता येत नाही.

आपण द्राक्षाच्या मुलखात राहता, म्हणून मोरचूद काय करते हे आपल्याला सांगायला नको. ज्या बोर्डो मिश्रणाची फवारणी आपल्याकडे बागांवर होते त्यात मोरचूद आणि चुना असतो. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी ते १८८५ मध्ये पुढे आणले. वेलीच्या पानावरचा दावण्या (डाउनी) हा बुरशीचा रोग आणि तंबूच्या कापडावरची बुरशी, दोघांनाही तांबे चालत नाही. एकाच दशकात एका देशात द्राक्षे आणि दुसऱ्या देशात कॅनव्हास त्याच निळ्या खड्यांनी वाचवला जात होता.

नुसता मोरचूद मात्र पावसात धुऊन जातो. तो कापडात धरून ठेवण्याचे अनेक प्रयत्न झाले, आणि त्यांतला यशस्वी ठरलेला म्हणजे लंडनच्या विल्सडन भागातल्या कारखान्याचा. तिथे तांबे अमोनियात विरघळवत आणि त्या गडद निळ्या द्रावणातून कापड नेत. त्या द्रावणाचा गुण असा की, ते कापसाच्या तंतूचा वरचा पापुद्रा किंचित विरघळवते. कापड वाळताना तो पापुद्रा तांब्यासकट पुन्हा घट्ट बसतो, विणीतली भोके बुजतात, आणि कापड कायमचे हिरवट होते. त्या काळी ‘विल्सडन कॅनव्हास’ म्हटले की हा हिरवा रंग डोळ्यांसमोर येई. आपल्या कापडाचा हिरवा हा रंगाऱ्याने चढवलेला रंग नसून या तांब्याचा असावा, असा माझा अंदाज आहे. पांढऱ्या कापडाचा ओला बोळा आतल्या बाजूने घासून पाहा. बोळ्याला रंग लागला नाही तर माझा अंदाज बळकट होईल.

बुरशीपासून वाचवणे आणि पाणी अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुती तंबू पाणी अडवतो तो मुख्यतः ओला होऊन. धागा पाणी प्याला की फुगतो, शेजारच्या धाग्याला भिडतो, आणि विणीतली वाट बंद होते. म्हणूनच नवा तंबू गिऱ्हाइकाला देण्याआधी दोन-तीन वेळा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवायचा असतो. त्याने धागे एकमेकांत बसतात, आणि सुईने केलेली भोके सुती दोरा फुगून भरतात. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावू नये, हा नियमही त्यातलाच. कापडाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहिलेल्या पाण्याला बोट वाट दाखवते, आणि तिथून धार लागली की ती कापड वाळेपर्यंत थांबत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मला या कामात सहा वर्षे झाली होती. मदतीला निघालेल्या एका गटाने आमच्याकडे तंबू मागितले, आणि आम्ही सहा दिवस-रात्री शिवून ४० तंबू ट्रकवर चढवले. भिजवून वाळवल्याशिवाय ते देऊ नयेत, असे वडील म्हणत होते. उघड्यावर बसलेल्या माणसांना आणखी चार दिवस थांबायला कसे सांगायचे, असे मी म्हणालो, आणि माझे ऐकले गेले. मी ट्रकबरोबर गेलो. त्या रात्री पाऊस आला. एका तंबूत आजीबाई दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या अंथरुणावर शिवणीखाली रांगेने, सुईच्या भोकाभोकातून, थेंब पडत होते. मी न राहवून वर हात लावला, आणि जिथे बोट टेकले तिथून धार लागली. सकाळी गावातून मेणबत्त्या मिळवून आम्ही चौघांनी सगळ्या तंबूंच्या शिवणी आतून मेणाने घासल्या. त्यानंतरच्या रात्री गळती पुष्कळ कमी झाली. पण त्या पहिल्या रात्रीची चूक माझी होती. घाईत असताना जुन्या माणसाच्या अनुभवाला मी वेळकाढूपणा समजलो, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे आधीच सर्वस्व गेले होते. तेव्हापासून आमच्या आवारात हौद भरलेला असतो आणि न भिजवलेला तंबू बाहेर पडत नाही.

एजिंग्टनांच्या पुढच्या कथेत दुसरे एक घराणे येते, आणि ते मला अधिक जवळचे आहे. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या मुखाशी ग्रीनॉक नावाचे बंदर आहे. १८६१ मध्ये थॉमस ब्लॅक यांनी शिडे शिवण्याचा धंदा काढला, आणि त्यांच्या घराण्याचे नाव या ग्रीनॉकशी कायमचे जोडले गेले. वाफेच्या यंत्राला ज्याने रूप दिले तो जेम्स वॅट १७३६ मध्ये याच गावात जन्मला, आणि युरोपातली पहिली यशस्वी प्रवासी आगबोट ‘कॉमेट’ १८१२ मध्ये याच नदीवर धावू लागली. म्हणजे शिडवाल्याचे पोट ज्याने पुढे मारले ते यंत्र त्याच्या अंगणातच वाढले होते. तरीही १८६१ मध्ये शिडाचा धंदा काढणे वेडेपणाचे नव्हते. चहाचे प्रसिद्ध जहाज ‘कटी सार्क’ १८६९ मध्ये पलीकडच्या काठावर डम्बार्टनला बांधले गेले आणि त्याच्यावर सुमारे ३२,००० चौरस फूट शीड चढे. एका जहाजाच्या एका जोडाला एवढे कापड. मात्र त्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला, त्यातून आगबोटी पूर्वेकडे सहज जाऊ लागल्या, आणि शिडाच्या मोठ्या जहाजांना उतरती कळा लागली.

ब्लॅक घराण्याने जे केले ते आमच्या वडिलांनी केले तेच. हातातली कला न सोडता वस्तू बदलली. शिडाच्या दोन पट्ट्यांना दंड घालताना कडा एकमेकींत अडकवून जी दुहेरी शिवण घालतात तीच तंबूला घालतात. शिडाच्या कडेला दोर शिवतात तसाच तंबूच्या पायाला शिवतात. तणाव्याचे डोळे, कोपऱ्यांचे जाड थर, सगळे तेच. आमच्या आजोबांनी शिडासाठी वापरलेली दाभणे आणि मेणाचा गोळा मी आजही तंबूला वापरतो, तेव्हा ग्रीनॉकच्या शिवणघरात काय घडले असेल ते मला पुस्तकाशिवाय कळते.

विसाव्या शतकाने तंबूला एक नवेच गिऱ्हाईक दिले: केवळ आनंदासाठी बाहेर झोपणारा सामान्य माणूस. टॉमस हायराम होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने १९०१ मध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना सुरू केली, आणि शिंपी असल्यामुळे तो आपले हलके तंबू स्वतः बेतत असे, याचे मला फार कौतुक आहे. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांना तंबूंत ठेवून जे शिबिर घेतले त्यातून स्काउट चळवळ निघाली. शाळाशाळांतून तंबूंची मागणी आली आणि ब्लॅक यांचे नाव ब्रिटनमधल्या स्काउट मुलांना घरच्यासारखे झाले. १९३८ च्या कायद्याने कामगारांच्या पगारी रजेला पाठबळ मिळाले. पाठीवर नेण्याजोगा, एकदोघांचा, चटकन उभा होणारा तंबू आता हवा होता. इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाचे बारीक, घट्ट कापड त्यासाठी आले. ब्लॅक यांचा ‘गुड कंपॅनियन्स’ हा तंबू त्या पिढीतल्या भटक्यांच्या आठवणीत राहिला. जाड कॅनव्हासमध्ये जो धागा फुगून पाणी अडवतो तोच गुण या पातळ कापडात शिगेला पोचवला गेला. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या संशोधन संस्थेने समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ हे कापड तयार केले ते याच तत्त्वावर: कोणताही रबरी थर नाही, नुसता लांब धागा आणि कमालीची घट्ट वीण.

मग नायलॉन आले. १९३८ मध्ये त्याची घोषणा झाली, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या तंबूंचे कापड कापूस आणि नायलॉन यांच्या मिश्र विणीचे होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पाठीवरच्या तंबूंतून कापूस जवळजवळ हद्दपार झाला. नायलॉन कुजत नाही, ओले झाले तरी फारसे जड होत नाही, आणि आधी भिजवावे लागत नाही. पण ते फुगतही नाही. सुईचे भोक भोकच राहते, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते आणि कापडावर रसायनाचा थर द्यावा लागतो. पाणी अडवण्याचे ज्ञान अशा रीतीने शिवणघरातून उठून रसायनांच्या कारखान्यात गेले, आणि तिथे घराण्याच्या नावाला किंवा हौदातल्या जुन्या कृतीला काही किंमत नव्हती. १९६७ मध्ये ब्लॅक आणि बेंजामिन एजिंग्टन या दोन्ही पेढ्या एक होऊन ‘ब्लॅक अँड एजिंग्टन’ झाल्या. माझ्या समजुतीप्रमाणे हे एकत्र येणे त्याच ओढीतले आहे: एकट्याने उभे राहण्याची जी ताकद कापसाने दिली होती ती कापसाबरोबर गेली. ब्लॅक हे नाव पुढे भटकंतीच्या सामानाच्या दुकानांवर राहिले, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती दुकाने दिवाळखोरीतून जेडी स्पोर्ट्स या मोठ्या साखळीने विकत घेतली. पाटीवरचे नाव तेच आहे. शिडे शिवणाऱ्यांच्या मुलानातवंडांनी चालवलेले शिवणघर मात्र राहिले नाही.

आमच्याकडेही फार निराळे घडले नाही. वडील मुंबईच्या गिरण्यांचे कोरे कॅनव्हास घेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि आम्ही यंत्रमागाच्या कापडावर आलो, ज्याच्या एकाच ठाणात विणीचा घट्टपणा बदलत जाई. त्यानंतर प्लास्टिकच्या ताडपत्र्या आल्या आणि ट्रकवाले गेले. आम्ही टिकलो ते काही ठिकाणी कापसाला अजून पर्याय नाही म्हणून. आपत्तीत दिले जाणारे कुटुंबाचे तंबू, सोळा चौरस मीटर राहण्याच्या जागेचे, आजही कापूस आणि पॉलिस्टर यांच्या मिश्र कॅनव्हासचे असतात, कारण उन्हात नायलॉनच्या तंबूत लहान मूल आणि म्हातारे माणूस दिवसभर राहू शकत नाही. कापड श्वास घेते, एवढी साधी गोष्ट आहे.

आता आपला तंबू. तो उघडण्याआधी हातमोजे घाला आणि तोंडाला फडके बांधा. त्या काळच्या काही प्रक्रियांत शिसे असे आणि जुन्या घडीतली धूळ छातीत जाऊ देऊ नये. कोरड्या दिवशी, सावलीत, स्वच्छ सतरंजीवर तो हळूहळू पसरा. घडी जिथे मोडली आहे तिथे कापड दोन्ही अंगठ्यांत धरून बेताने ताणा. ते कुरकुरले किंवा धागे सुटल्यासारखे वाटले तर पुढे ताणू नका. तो तंबू आता पाहण्याचा आहे, राहण्याचा नाही. कापडाने ताण सोसला तर शिवणीकडे जा, कारण दोरा बहुधा कापडाआधी जातो. एका टाक्याखाली सुईचे टोक घालून हलकेच उचला. दोरा तुटला तर सगळ्या मुख्य शिवणी पुन्हा घालाव्या लागतील. ते काम होण्यासारखे आहे, पण जुन्या भोकांतूनच सुती दोऱ्याने आणि हाताने. पॉलिस्टरचा दोरा वापरू नये. तो फुगत नाही आणि जुने कापड कापतो.

साबण, ब्रश, यंत्र यांतले काहीही लावू नका. साबण कापडात राहिला की पाणी अडवण्याचा गुण जातो, आणि जे तांबे इतकी वर्षे त्याला राखत आले आहे तेही निघू लागेल. लोखंडी काही लागलेले असेल, गंजलेली पिन किंवा तार, तर ते आधी काढा, कारण गंज सुताला खातो. तळाचे मॅकिंटॉश कापड चिकट झाले असेल तर ते छताच्या कापडाला टेकू देऊ नका. मध्ये मांजरपाट घाला. उभा करायचाच झाला तर माघ महिन्यात, वारा नसताना, एका दुपारपुरता करा, आणि संध्याकाळी दव पडण्याआधी उतरवा. नंतर जुन्याच मोडींवर घडी घालू नका. एखाद्या गुळगुळीत वाशावर कापडासकट सैल गुंडाळून माळ्याऐवजी घरातल्या कोरड्या, हवेशीर खोलीत आडवा ठेवा.

आणि शिक्क्याचा कोपरा कापून चौकटीत लावण्याचा विचार आपण शेवटी लिहिला आहे, तो कृपया सोडून द्या. त्याऐवजी दिवसाच्या तिरप्या उजेडात त्या कोपऱ्याचे, फुलीच्या जागेच्या आतल्या टाक्यांचे आणि दोर जिथे बाहेर निघतो त्या डोळ्याचे जवळून काढलेले फोटो पाठवा. डोळ्याला पितळी कडी आहे की सुताने हाताने गुंफलेली कडी, आणि पत्त्याच्या शेवटी ‘एस. ई.’ पुढे आकडा आहे की नाही, एवढे कळले तर आपल्या आजोबांच्या तंबूचे वय मी दहा-पंधरा वर्षांच्या आत सांगू शकेन.